पावसाळी ट्रेकचे वॉटरप्रूफ मोजे: धुवायचे कसे, वाळवायचे कसे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. पावसाळी ट्रेकला आणि चिखलातल्या पळण्याला तीन थरांचे वॉटरप्रूफ मोजे वापरतोय. बाहेर नायलॉन आणि ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टेन धाग्याची वीण, मधे मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पातळ पडदा), आत मेरिनो लोकरीचं अस्तर. उंची निम्म्या पोटरीपर्यंत. लेबलवर हाताने किंवा मशीनमधे ४० अंशांपर्यंत धुवा, ब्लीच नको, इस्त्री नको, ड्रायर नको, एवढंच छापलंय. आपल्याकडच्या जुलैला तेवढं पुरत नाही, म्हणून नेमकं विचारतो.

ट्रेक संपल्यावर मोजे आतून ओले निघतात. मेम्ब्रेन गेली की तो नुसता घाम, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? महाबळेश्वर-कोयनेकडची तांबडी माती विणीत रुतून बसते, ती कशी काढायची? उलटे करून धुवायचे की सुलटेच? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, आठवडाभर ऊन पडत नाही तेव्हा हे आतपर्यंत वाळवायचे कसे? साधे मोजे पंख्याखाली रात्रभरात वाळतात, हे दोन-दोन दिवस दमट राहून कुबट वास धरतात.

कातळकडा

आधी ओलीचं बघू, कारण मोजे धड आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय बाकीची मेहनत कशाला करायची?

मेम्ब्रेनमधून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक असेल तेव्हाच. आत ऊबदार आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं, असं असलं की वाफेला वाट मिळते. जुलैत सह्याद्रीत बाहेरची हवा बाष्पाने जवळपास भरलेली असते आणि मोज्याभोवतीचा बूट तर पाण्यानेच भरलेला असतो. वाफ जाणार कुठे? ती अस्तरातच पाणी होऊन बसते. त्यामुळे आपल्या पावसात मोजे आतून ओलसर निघणं हा बिघाड नाही. घामाची ओल सगळीकडे सारखी आणि कोमट लागते, तळव्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात जास्त. भोकातून आलेलं पाणी एका जागी गार लागतं आणि तिथून पसरतं.

तिसरी वाट वरून आहे. नडगीवरून ओघळणारं पाणी तोंडातून आत जातं, किंवा ओढा मोज्याच्या उंचीपेक्षा खोल निघतो. हे पाणी मोजा बाहेर सोडत नाही. तेव्हा रेनपँट मोज्याच्या तोंडावरून खाली सोडायची, मोज्यात खोचायची नाही. ओढ्यात आत पाणी गेलंच तर पलीकडे थांबून मोजा काढायचा, पाणी ओतायचं, अस्तर पंच्याने टिपायचं आणि मगच पुढे निघायचं.

घरची परीक्षा अशी. पूर्ण कोरड्या मोज्यात वर्तमानपत्राचे बोळे चवड्यापर्यंत ठासून भरा, वर एक-दोन गोटे ठेवा आणि तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहील असा बादलीत उभा करा. गोटे गुळगुळीत हवेत, कंगोऱ्याचे नकोत. अर्धा तास ठेवा. पाय आत नाही म्हणजे घामाचा प्रश्नच नाही. कागद कोरडा निघाला तर मोजा धड आहे. ओला निघाला तर हवेची परीक्षा करा. आधी मोजा बाहेरून पूर्ण भिजवून विणीत अडकलेली हवा दाबून काढा. मग आत हवा कोंडून तोंड पिळून घट्ट धरा आणि पाण्याखाली दाबत चवड्यापासून वर या. इकडेतिकडे दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती विणीतली हवा. एकाच जागेवरून बुडबुड्यांची सलग रांग आली की तिथे भोक. जागा लक्षात राहावी म्हणून तेवढी चिमूट धरून रबरबँड लावा. टाचणी किंवा सेफ्टीपिन अजिबात नको.

आता धुणं. खरं धुणं मोजे पायात असतानाच सुरू होतं. परतीच्या वाटेवर शेवटच्या ओढ्यात किंवा गावातल्या नळाखाली बूट काढा आणि मोजे घातलेल्या पायांवरूनच सगळा चिखल हाताने धुऊन टाका. पाय आत असल्याने वीण ताणलेली असते, कच सुटून येतो आणि तो आत शिरत नाही. मेम्ब्रेनचा मोठा शत्रू हा कच आहे. विणीत अडकलेला बेसाल्टचा बारीक कण प्रत्येक पावलाला मेम्ब्रेनवर घासतो. म्हणून बुटाचा इनसोल काढून बूटही आतून धुवा, नाहीतर पुढच्या वेळी तोच कच परत.

घरी चार-पाच लिटर कोमट पाणी, कोपर बुडवलं तर भाजणार नाही इतपत, म्हणजे ३० अंशांच्या आसपास. त्यात लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड ५ ते १० मिली, एका जोडीला एवढं भरपूर झालं. दहा मिनिटं भिजू द्या. मग तळवा, टाच आणि बोटांचा भाग हातांनी दाबून सोडा, पुन्हा दाबा. घासायचं नाही, ब्रश नाही, धोपटणं तर नाहीच. फेस पूर्ण जाईपर्यंत विसळा, साधारण तीन-चार पाणी लागतात. शेवटच्या पाण्यात मोजा दाबला आणि पांढरट पाणी आलं तर अजून एकदा.

विसळण्याचा एवढा आग्रह का, तर साबणाचा अंश पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. बाहेरची वीण मग पाणी पटकन ओढते, आणि बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधे जे पाणी एरवी छिद्राशी अडलं असतं ते आत घुसू शकतं. फॅब्रिक सॉफ्टनर याच कारणासाठी वर्ज्य, तो तर धाग्यावर थर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. नेहमीची धुण्याची पावडर अल्कधर्मी असते, शिवाय बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. लोकर हे प्रथिनच आहे, तेव्हा मेरिनो अस्तराला ती नकोच. वडीचा साबण बोअरच्या जड पाण्यात चिकट साका धरतो, तोही नको. रिठ्याचं गाळलेलं पाणी चालतं. गाळणं मात्र बारीक हवं, सालीचे तुकडे आत राहता कामा नयेत.

तांबड्या मातीचा रंग लोहाचा आहे. तो थोडा राहणारच, आणि त्याने काही बिघडत नाही. डाग घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरलंत तर लोकर विरते आणि इलॅस्टेन सैल पडतं. माती काढा, डाग राहू द्या.

सायकलस्वार_कोल्हापूर

कातळकडा यांच्या बहुतेक मुद्द्यांना +१. उलटे करायचे का, हे राहिलं, आणि तिथेच जास्त मोजे खराब होतात.

वॉटरप्रूफ मोजे दोन तऱ्हेने बनतात. एकात तिन्ही थर सगळीकडे एकमेकांना चिकटवलेले असतात. दुसऱ्यात अस्तर वेगळं असतं आणि फक्त बोटांच्या टोकाशी आणि तोंडाशी धरून ठेवलेलं असतं. ओळखायला कोरड्या मोज्यात हात घाला, चवड्याशी अस्तर चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. बाहेरचा थर बरोबर हलला तर चिकटवलेला. अस्तर बोटभर एकटंच सरकलं तर दुसरा प्रकार.

चिकटवलेला मोजा उलटा करायला हरकत नाही. बाहेरची बाजू धुऊन स्वच्छ झाल्यावर, आणि एकदाच. सुट्ट्या अस्तराचा मोजा ओला असताना उलटा केला की सगळा भार बोटांजवळच्या त्या दोन-तीन चिकट ठिपक्यांवर येतो. ते सुटले की दर वेळी पायाबरोबर अस्तर बाहेर येतं आणि परत घालताना बोटांखाली गोळा होतं. असा मोजा सुलटाच ठेवून आत साबणाचं पाणी ओतायचं, तोंड धरून खळबळायचं आणि ओतून टाकायचं. दोनदा साबणाचं, चारदा साधं. अस्तर बाहेर आलंच असेल तर मोजा पूर्ण वाळवा आणि लाटण्याच्या गोल टोकाने अस्तर चवड्यापर्यंत हळूच परत ढकला. बोटांनी ढकलू नका, नख लागतं.

मशीनबद्दल. लेबल परवानगी देतं, पण स्पिनचा विचार वेगळा करा. वॉटरप्रूफ कापड फिरताना पाणी सोडत नाही, ते कोंडून ठेवतं. त्याने ड्रमचा तोल जातो, म्हणून बऱ्याच मशीनच्या पुस्तिकांत वॉटरप्रूफ कपडे घालू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. एक जोडी मोज्यांनी मशीन मोडणार नाही, पण पाण्याने फुगलेला मोजा ड्रमवर आपटतो आणि थर सुटायला तिथून सुरुवात होते. फ्रंट लोड असेल तर जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांचं चक्र, ३० अंश, स्पिन बंद किंवा मिनिटाला ४०० फेरे. पिशवीत वेल्क्रो, झिप, हुक असलेलं दुसरं काही नको. मधे खांब असलेल्या टॉप लोडमधे मोजे पिळवटले जातात, त्यात घालूच नका. खरं तर एका जोडीला हाताने पंधरा मिनिटं लागतात. मी मशीन सुचवणार नाही.

घाटमाथा

दोन्ही परीक्षा केल्या. उजवा मोजा धड आहे, कागद कोरडा. डाव्यात अंगठ्याच्या मागे, पायाच्या वरच्या बाजूला, एका जागेवरून सलग बुडबुडे येतात. भोक डोळ्यांना दिसत नाही. मोजे चिकटवलेल्या प्रकारातले आहेत. हे बुजवता येईल का? आणि वाळवण्याचं कुणीतरी सविस्तर सांगा.

ओलेचिंब

पायाच्या वरच्या बाजूचं सुईएवढं भोक बुजवण्यासारखं आहे. तळव्याखाली किंवा अंगठ्याच्या टोकावर असतं तर नको म्हटलं असतं, कारण तिथे दाब आणि घर्षण दोन्ही असतं आणि ठिगळाची कडक गाठ कातडी सोलते.

लवचीक पॉलियुरेथेन सीलंट घ्या, तंबूच्या शिवणींना आणि कोळ्यांच्या रबरी पोशाखांना लावतात तसलं. मोजा आधी धुऊन पूर्ण वाळवा. एका बाटलीवर चढवा म्हणजे ती जागा किंचित ताणलेली राहील. जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने टिपा, दहा मिनिटं उडू द्या. मग सीलंटचा थेंब टूथपिकने विणीच्या आत दाबून बसवा. मेम्ब्रेन मधल्या थरात आहे, त्यामुळे वरवर पसरलेला सीलंट तिला शिवतच नाही. पैसाभर जागा पुरे, चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर. चोवीस तास हात लावू नका. ओलीने घट्ट होणारा सीलंट असेल तर पावसाळी हवा त्याला सोयीचीच. नंतर पुन्हा कागदाची परीक्षा.

फेविक्विकसारखा झटपट गोंद लावू नका. तो काचेसारखा कडक होऊन वाकताना तडकतो, आणि लोकर किंवा सुती धाग्यावर पडला की इतका तापतो की चटका बसू शकतो. शिवणं तर नाहीच, प्रत्येक टाका म्हणजे दोन नवी भोकं.

भोक तिथेच का पडलं तेही बघा. बुटाची जीभ, लेसचा हुक किंवा आतली शिवण त्या जागेवर येत असेल तर सीलंटशेजारी नवं भोक पडेल. वॉटरप्रूफ मोजा जाड असतो. नेहमीच्याच मापाचा बूट घट्ट बसतो आणि दाबाखाली घासतो, म्हणून अर्धा नंबर मोठा बूट किंवा पातळ इनसोल. पायाची नखं कापून कानशीने गोल करा. मोजा चढवताना तोंड धरून खेचू नका. गोळा करून चवड्यापर्यंत आणा, मग तळव्यांनी सरकवत वर न्या. हातात अंगठी असेल तर काढा.

आता वाळवणं. मेम्ब्रेनला पाणी मारत नाही, पण ओल आणि उष्णता दोन्ही एकत्र बराच काळ राहिली तर पॉलियुरेथेन हळूहळू विघटन पावतं. थर सुटतात, आतून पांढरट पापुद्रे गळायला लागतात. म्हणून लवकर वाळवायचं, पण तापवून नाही. चुलीशेजारी, गॅसच्या शेगडीवरच्या दोरीवर, हेअर ड्रायर, इस्त्री, हे सगळं बाद.

धुतल्यावर पिळू नका. जाड टॉवेलमधे मोजा गुंडाळा आणि त्यावर उभं राहून दाबा, टॉवेल बदलून पुन्हा. निम्मं काम इथेच होतं आणि हेच बहुतेक जण टाळतात. मग चिकटवलेला मोजा आधी उलटा, म्हणजे अस्तर बाहेर. मेम्ब्रेन मधे असल्याने अस्तरातलं पाणी बाहेरच्या वाटेने जात नाही, त्याला अस्तराच्याच बाजूने हवा लागते. पंख्याखाली अस्तर हाताला कोरडं लागेपर्यंत, पावसात साधारण एक रात्र आणि थोडं वर. मग सुलटा करून बाहेरची बाजू. क्रम उलट केला तर वरून कोरडा दिसणारा मोजा कपाटात जातो आणि आत बुरशी धरतो.

सुट्ट्या अस्तरवाल्यांनी उलटा न करता वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. पहिले तीन-चार तास दर तासाला बदला, नंतर तोंडात प्लास्टिकची जुनी बांगडी अडकवून तोंड उघडं ठेवा, मोजा तोंड खाली करून टांगा आणि टेबलफॅनचा झोत खालून आत जाईल असा लावा. घरात एसी असेल तर बंद खोलीत ड्राय मोडवर कोणत्याही प्रकारच्या मोज्याला सगळ्यात कमी वेळ लागतो.

वाळला की नाही हे हाताला नीट कळत नाही, विशेषतः चवड्यात. मे महिन्यात पूर्ण कोरडी जोडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून आकडा लिहून ठेवा. पावसात त्यापेक्षा दोन-चार ग्रॅम जास्त राहतील, कारण लोकर दमट हवेतली ओल धरतेच. पंधरा-वीस ग्रॅम जास्त असतील तर आत पाणी आहे.

कुबट वासाला लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर, वीस मिनिटं, मग दोन पाण्यांतून काढा. सुगंधी काही घालू नका. वास परत येत असेल तर तो धुण्याचा नाही, वाळवण्याचा प्रश्न आहे. चिखल्या झालेल्या असतील तर आधी पाय बरे करा. बुरशी अस्तरात राहते आणि बंद, दमट मोज्यात पुन्हा वाढते. मलम पूर्ण जिरल्यावरच मोजा घाला, तेलकट पदार्थ मेम्ब्रेनला चांगले नाहीत. पावडर तर आत नकोच, ती घामाने लगदा होते.

एडिनबरोकर

इकडे स्कॉटलंडच्या दलदलीत हेच मोजे आतून जवळजवळ कोरडे राहतात, कारण बाहेर पाच-सात अंश असतात आणि वाफेला जायला जागा असते. हिमालयात हम्प्ता पाससारख्या ट्रेकला बर्फाच्या पाण्याचे ओढे ओलांडतानाही तसाच फायदा मिळेल. सह्याद्रीत मुख्य उपयोग पाणी बाहेर ठेवण्यापेक्षा पाय उबदार राहण्याचा आणि कच आत न येण्याचा, असं धरून चाला म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

एक भर. बाहेरची वीण पाणी धरून जड व्हायला लागली तर पाणीरोधक द्रव्य पुन्हा लावता येतं, पण फवाऱ्याचंच घ्या, आणि फक्त बाहेरून, धुतल्यावर मोजा ओलसर असताना. पाण्यात मिसळून कपडा बुडवायचं द्रव्य अस्तरालाही लागतं. मग अस्तर घाम शोषत नाही आणि तो कातडीवरच राहतो.

हंगाम संपल्यावर ठेवताना एकात एक गुंडाळून चेंडू करू नका, घडीवर मेम्ब्रेन चिरते. सपाट किंवा टांगून, सुती पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून. डांबरगोळ्यांऐवजी कडुलिंबाची वाळलेली पानं, कारण त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी या एप्रिल-मेच्या उन्हात सगळ्यात वाईट जागा.

मालवणी_वल्हे

कयाकिंगला वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. समुद्राचं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, पाणी बदलून पुन्हा एकदा, मग साबण. मीठ विणीत राहिलं तर त्याचे खडे घासतात, शिवाय मीठ हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे मोजा किनाऱ्यावर कधी पूर्ण वाळतच नाही. वाळूसाठी पायात असतानाच धुणं, वर सांगितलंय तसं.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, सीलंट मागवतो. एक राहिलं. भीमाशंकर, आंबोलीकडे जळवांसाठी मोज्यांना तंबाखू, चुना, मीठ चोळतात, काही जण डासांचं मलम लावतात. या मोज्यांना यातलं काय चालेल?

कातळकडा

मोज्यावर काहीच नको. चुना अल्कधर्मी, तो लोकरीचं नुकसान करतो आणि धुताना अस्तरात उतरतो. ओल्या तंबाखूतलं निकोटिन कातडीतून शोषलं जातं, ते हातांना लागू देऊ नका. मीठ चोळलंच असेल तर त्याच संध्याकाळी धुवा. डासांच्या मलमात डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) आहे का ते डबीवर वाचा. डीट इलॅस्टेन आणि काही प्लास्टिक विरघळवतं, मोज्याच्या तोंडाची पकडच जाते. ते लावायचं तर मोज्याच्या वरच्या उघड्या कातडीवर, आणि हात पुसून मगच मोज्याला हात लावा.

तसंही तीन थरांतून जळू आत शिरत नाही, ती चढत तोंडाशी जाते. म्हणून रेनपँट मोज्यावरून सोडून घोट्याशी गेटर (बुटाच्या वर बांधायचं कापडी आवरण) बांधा आणि थांबाल तिथे पोटरी तपासा. मोज्यावर दिसलेली जळू नखाने खरवडून टिचकीने उडवा. काडी पेटवून किंवा सिगारेट लावून काढू नका, जळू सुटेल पण नायलॉन वितळून मेम्ब्रेनपर्यंत भोक पडेल, आणि जळक्या कडेवर सीलंट धरत नाही.